टेकडीवरचं दूध

टेकडी चढतानाच आंबलेल्या दुधाच्या वासाने म्हाताऱ्या टॉर्किल मॅकफेलनी नाकाला रुमाल लावला. स्कॉटलंडच्या मध्ययुगाबद्दल त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. ‘कागद नाही, तर इतिहास नाही’ हे त्यांचं वाक्य शाळेतली पोरंही घोकायची. आणि हे गावकरी टेकडीच्या पोटात राहणाऱ्या पऱ्यांना नैवेद्य म्हणून अजून इथे दूध ओततच होते. शी!

वर गाइड इश्बेल पर्यटकांना रंगवून सांगत होती, “आपले थोर इतिहासकार मॅकफेल तरुणपणी एकदा इथेच झोपले होते. पऱ्यांनी त्यांना टेकडीच्या पोटात नेलं आणि जुने राजे, जुन्या लढाया, सगळं डोळ्यांनी दाखवलं. म्हणून तर त्यांना एवढं ठाऊक! ओता, त्यांच्याही नावाने थोडं ओता.”

“काय थापा मारतेस गं!” मॅकफेल किंचाळले. “मीच तो मॅकफेल! जन्म गेला माझा जुनी दप्तरं उपसण्यात. इथे कधी डुलकीसुद्धा काढली नाही मी!”

इश्बेलने पिशवीतून गावाचं छापील माहितीपत्रक काढलं, त्यातल्या याच गोष्टीवर बोट ठेवलं आणि ते त्यांच्या नाकासमोर धरलं.



“हा आमचा कागद, आजोबा. आता तुमचा दाखवा.”