मुखपृष्ठासाठी दात

“आ करा,” डॉ. श्रीधर म्हणाले आणि त्यांनी कॅमेरा सरसावला.

कलाबाईंनी आ केला. सौंसरच्या त्या संत्र्याच्या बागेत आंबिया बहाराची तोड चालू होती. पांढुर्ण्याच्या व्यापाऱ्यासाठी फळ चाखून मालाची प्रत ठरवायची, हे कलाबाईंचं काम. तीस वर्षं, दिवसाला चाळीस संत्री. आंबटाने दातांवरचं कवच कसं झिजतं, या विषयावर चारशे बारा पानं लिहिलेल्या माणसाला याहून मोठं घबाड कुठे सापडणार होतं?

पुस्तक छापखान्यात पोचलं होतं. ‘ग्रामीण अज्ञानाची किंमत’ हे शेवटचं प्रकरण तर डॉक्टरांनी इकडे पाऊल टाकण्यापूर्वीच, पावसाळ्यात, हातावेगळं केलं होतं. प्रकाशन सोमवारी. अडलं होतं ते मुखपृष्ठावरच्या छायाचित्रापाशी. झिजून पार गेलेले दात आज संध्याकाळपर्यंत हवे होते. तिगावपासून सौंसरपर्यंत तीन दिवस त्यांनी लोकांची तोंडं धुंडाळली होती.

कॅमेऱ्यात कलाबाईंचे दात दिसले. दणकट, शाबूत, निर्लज्जपणे निरोगी. डॉक्टरांनी उजेड बदलला, कोन बदलला. विद्येच्या सेवेसाठी झिजायची त्या दातांची तयारी दिसेना.

“काय लावता दातांना?” त्यांनी जवळजवळ दरडावून विचारलं.

“काई नाई, डॉक्टरसायेब. हे पा.” कलाबाईंनी बाटली दाखवली. पाण्यात चिमूटभर खायचा सोडा. “फळ चाखलं का दोन चुळा.”

“हे कुणी शिकवलं?”

“कोन शिकवन? एका फळाचा आंबटपना तोंडात राह्यला का दुसऱ्यावर अन्याय होते ना! चूळ भरल्याबिगर म्या निकाल देत नाई.”

सोड्याच्या चुळेचे गुण डॉक्टरांच्या पुस्तकात पान तीनशे सातवर होते. आंबट पोटात गेल्यावर लगेच दात घासू नयेत, हे तीनशे आठवर होतं. ही दोन्ही पानं त्यांनी रोज पहाटे लिंबूपाणी पिऊन, लगोलग खसाखसा दात घासून, ताज्या तोंडाने लिहिली होती.

“घ्या, खाऊन पा,” कलाबाईंनी सोललेली फोड पुढे केली. नाही म्हणणं बरं दिसेना. डॉक्टरांनी फोड चावली आणि गालावर हात दाबून ते मटकन खाली बसले. ही कळ त्यांना दोन वर्षांपासून परिचित होती. तिला ते आनुवंशिक म्हणत.

“आता तुमी आ करा,” कलाबाई म्हणाल्या.

का कोण जाणे, त्यांनी आ केला. फळ उन्हात फिरवून पाहावं तशी कलाबाईंनी त्यांची हनुवटी धरून फिरवली. शेजारी कलाबाईंची सून तृप्ती माल निवडत होती. मोठं फळ दिल्लीच्या ढिगात, बारीक आणि डागी फळ रसवाल्यांसाठी चुरीच्या ढिगात.

“कोनत्या ढिगात टाकू, आई?” तिने विचारलं.

“चुरीत. त्यातबी रसवाला कुरकुर करन.”

बागेतल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. डॉक्टर हसले नाहीत. मुखपृष्ठ संध्याकाळी जायचं होतं. त्यांनी कॅमेरा तृप्तीच्या हाती दिला, बटण दाखवलं आणि पुन्हा, या खेपेला मोठा, आ केला.

सोमवारी पुस्तक वेळेवर प्रकाशित झालं. मुखपृष्ठाखाली बारीक अक्षरांत छापलं होतं, ‘सौंसर परिसरात आढळलेला एक नमुना’. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. अध्यक्षांनी प्रत उंचावून सभागृहाला दाखवली, आणि त्यांचा स्वर कारुण्याने भिजला.

“या दातांच्या अडाणी मालकाला,” ते म्हणाले, “कुणीतरी हे पुस्तक वाचून दाखवायला हवं होतं.”

डॉ. श्रीधरांनी ओठ घट्ट मिटून टाळ्या वाजवल्या.