आजीचा गोटा

भार्गवीच्या पाळीतल्या जीवघेण्या दुखण्याला डॉक्टरांनी अखेर नाव दिलं, एंडोमेट्रिओसिस. हे घराण्यातून चालत येऊ शकतं म्हणाले आणि घरातल्या बायकांची माहिती भरायला एक कागद दिला. आईकडची भरून झाली. वडिलांकडची विचारायला ती मुरुडला गोदावरीआत्याकडे आली.

"आमच्यात? छे गं! आमची आई, आम्ही दोघी बहिणी, सगळ्या कशा टुणटुणीत," सुपाऱ्या सोलता सोलता आत्या म्हणाली. "हे तुझ्या आईकडचं. नाजूक माणसं ती!"

भार्गवीने तीनदा 'नाही' लिहिलं, पेनाला टोपण लावलं आणि पोट धरून तिथेच वाकली.

आत्या लगबगीने उठली. न्हाणीच्या चुलीत एक काळा गोटा तापवून, जुन्या लुगड्यात गुंडाळून तिने भार्गवीच्या ओटीपोटाशी धरला. शेक बसला तसा भार्गवीच्या जिवात जीव आला.

"कुठे मिळाला गं हा?"

"आमच्या आईचा. दर महिन्याला याच्याशिवाय उठता यायचं नाही तिला. पुढे आम्हालाही. ती गेल्यावर पाटल्या थोरलीने खुशाल नेल्या. आम्ही बहिणी भांडलो ते या गोट्यावरून!"

भार्गवीने पेनाचं टोपण काढलं.