साथीला अंगठा

पेडल गप्प झालं ते नेमकं दुपारी. मास्तरांनी गिटारची तार छेडली, स्पीकरमधून नुसती खरखर आली. पुन्हा छेडली, तेव्हा खरखरही आली नाही.

संध्याकाळी वाचनालयाच्या हॉलमध्ये मास्तरांचं पहिलं जाहीर वादन होतं. निवृत्तीनंतर हाती घेतलेली ही गिटार आजवर फक्त घरच्यांनी ऐकली होती, तीही नाइलाजाने. पायाशी ठेवायची ती धातूची डबी, म्हणजे पेडल, एक सूर सोडला की त्याच्या मागोमाग तोच सूर दोन-तीनदा हळूहळू पाठवायची. मास्तरांची सारी भिस्त तिच्यावर. "ती असली की वाजवताना एकटं वाटत नाही हो," असं ते एकदा बोलून गेले होते.

मास्तरांनी शाळेतल्या पद्धतीने चौकशी सुरू केली. एकेकाला वेगळं उभं केलं. वायर बदलली, वायर निर्दोष. बॅटरी नवी घातली, फरक शून्य. गिटार थेट स्पीकरला जोडली, ती खणखणीत बोलली. उरली डबी.

"हिचंच काम. मला पहिल्यापासून संशय होता."

"मग पहिल्यांदा हिलाच विचारायचं होतं," व्याही म्हणाले.

मास्तरांच्या मुलीचे सासरे दातांचे डॉक्टर. दवाखाना बंद केला, पण हत्यारांची बॅग काही सुटेना. पाहुणे म्हणून आले तरी ती बरोबर. त्यांनी डबीखाली स्वच्छ नॅपकिन पसरला, झाकणाचे स्क्रू काढले, टेबललॅम्प वाकवून आत उजेड पाडला आणि सवयीने म्हणाले, "आ करा."

मग छोट्या आरशाच्या दांडीने ते एकेक भाग ठोकू लागले. "इथे दुखतं? इथे?"

मास्तर समोर बसून तार छेडत होते. वायर जिथे डबीत शिरते त्या कोपऱ्यावर डॉक्टरांनी अंगठा दाबला आणि खोलीभर सूर घुमला. मागून दुसरा आला, तिसरा आला. अंगठा उचलला, सगळं गार.

"सांधा खिळखिळा झालाय."

"काढावा लागेल?" मास्तरांचा चेहरा उतरला.

"छे! भरायचा. सोल्डरची तार वितळवून एक थेंब टाकला की पुढची काळजी नाही." डॉक्टरांनी बॅगेतून तापवायची सळई काढली. पुन्हा हात घातला, बराच वेळ चाचपला आणि रिकामा बाहेर काढला. "तार मात्र घरी राहिली वाटतं."

मास्तर शेजारीच होते. बॅगेत, कापसाच्या गुंडाळीखाली, सोल्डरच्या चकचकीत तारेचं रीळ त्यांना स्वच्छ दिसत होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. रीळ तिथेच होतं.

व्याह्यांना तोंडावर खोटं पाडायची सोय नसते. पण मास्तर गप्प राहिले ते तेवढ्यासाठी नव्हे. त्यांच्या डोळ्यांपुढे संध्याकाळचं स्टेज उभं राहिलं होतं. भलं मोठं, मधोमध एकच खुर्ची. जन्मभर वर्गापुढे उभे राहिले, पण तेव्हा पाठीला फळा असायचा.

"अरेरे," ते म्हणाले. "मग हो?"

"मग काय, मी बसतो की कोपरा दाबून. तुमच्या शेजारी, खाली. कोण बघतंय?"

"अहो, पाहुण्यांना असं पायाशी बसवायचं म्हणजे..." मास्तरांनी व्याह्याला शोभेल असा विरोध केला. तो तेवढ्यावरच संपला.

डॉक्टरीणबाई चहा घेऊन आल्या होत्या. "तारच हवी ना? दुकानात मिळेल की. मी आणते."

"आज दुकान बंद असतं," दोघे एका दमात म्हणाले.

कोणतं दुकान, हे बाई अजून बोललेल्या नव्हत्या. त्यांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, कप खाली ठेवले आणि नवऱ्याला म्हणाल्या, "मग निदान शर्ट तरी बदला. चारचौघांत बसायचंय."

हॉलमध्ये निवेदन करणाऱ्या मुलीची पंचाईत झाली. "गिटारवर मास्तर, ते कळलं. काका, तुम्ही काय वाजवता?"

डॉक्टरांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं.

"साथीला आहेत," मास्तर म्हणाले. "ते नसले तर मी वाजत नाही."

वादन झालं. एके ठिकाणी मास्तरांचं बोट घसरलं. डबी ती चूक इमानेइतबारे पुन्हा पुन्हा ऐकवणार, तेवढ्यात डॉक्टरांनी अंगठा उचलला आणि चूक जागच्या जागी मिटली. मास्तरांनी खाली पाहिलं, मान हलवली. अंगठा परत बसला. लोकांना वाटलं, खास जागा घेतली. टाळ्या तिथेच जास्त पडल्या.

घरी आल्यावर डॉक्टर सगळ्यांना अंगठ्यावर उमटलेला डबीचा कोपरा दाखवत होते. बॅग वाटेत पायात येत होती म्हणून मास्तरीणबाई ती उचलायला गेल्या. बॅगेचं तोंड उघडंच होतं. टप्पकन काहीतरी पडलं आणि फरशीवरून घरंगळत मास्तरांच्या खुर्चीपर्यंत गेलं.

"काय पडलं हो?"

"कुठे काय?" डॉक्टर म्हणाले.

मास्तरांनी शांतपणे चहाचा कप उचलला आणि रिळावर अलगद पाय ठेवला, पेडलवर ठेवतात तसा.