सगळं चकाचक हवं

गावातल्या माणसांना मारून ज्या खड्ड्यात पुरलं, तिथून आजोबांना त्यांच्या धाकट्या बहिणीचा एवढा एकच बूट मिळाला होता. मातीने माखलेला, टाचेला गोळीचं भोक असलेला. शाळेच्या प्रदर्शनासाठी मी भुणभुण करून तो मागून आणला. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "पाहुणे यायचेत, सगळं चकाचक हवं!" दुसऱ्या दिवशी बूट धुऊन, भोक शिवून, पॉलिश मारून टेबलावर हजर! पाहुण्यांनी तो हातात धरून फोटो काढून घेतला, मग म्हणाले, "हा तर नवाकोरा! म्हणे हत्याकांड! काहीही सांगतात!" सगळे हसले. "अहो, तिथे गोळीचं भोक होतं!" मी ओरडले. "हळू गं, पाहुणे आहेत," बाई कुजबुजल्या. प्रदर्शन पाहायला आलेले आजोबा टेबलापाशी गेले. त्यांनी बोटाने टाचेवरची शिवण चाचपली, नखाने तळाची माती शोधली. कणभरही निघाली नाही. मग बाईंना हळूच विचारलं, "धुतलेलं पाणी कुठे ओतलंत?"