योगीराजची टीम

कॅप्टन परत बदलला होता.

आदिनाथनं परभणीच्या खोलीवर मोबाईल उघडला आणि टीम परत परत बघितली. आदल्या दिवशी पालमला जाऊन त्यानं स्वतःच्या हातानं चांगला खेळता गडी कॅप्टन केला होता. आता त्या जागी गुडघा मोडून घरी बसलेला कुणीतरी होता. कॅप्टनचे गुण दुप्पट धरतात, पण घरी बसलेल्याचे दुप्पट म्हणजे शून्यच की! दुसऱ्या नंबरावर आलेली टीम धाडकन खाली गेली.

टीम तरी कसली, सगळा मोबाईलमधला खेळ. विलायतेतले अकरा फुटबॉलवाले निवडायचे. ते तिकडं मैदानात जसे खेळतील तसे इकडं आपल्याला गुण. पालमच्या दोस्तांची अशी लीग होती, उन्हाळ्यापर्यंत चालायची. जिंकणाऱ्याला पितळी कप. आणि ही टीम होती योगीराजची. योगीराज पोळ्याच्या आठवड्यातच टेम्पोखाली गेला होता.

दहाव्याला गंगाखेडला, गोदावरीच्या काठी, पिंडाला कावळा शिवेना. चुलते माणिकराव हात जोडून म्हणाले, "वैनीला मी बघतो. येऊन-जाऊन राहतो." कावळा झाडावरच. "वावर पडीक ठेवत न्हाई." तरी नाही. ऊन तापलं, गुरुजी घड्याळ बघायला लागले. शेवटी आदिनाथ पुढं झाला. सगळ्यांदेखत त्याला लाज वाटत होती, तरी बोलला, "योग्या, तुझी टीम मी जिंकवतो. औंदाचा कप तुझाच." कावळा सरळ खाली आला आणि पिंडाला शिवला. त्या दुःखातही दोन-चार जण हसले. आदिनाथला हसू आलं नाही. त्यानं शब्द दिला होता आणि घेणाऱ्यानं तो घेतला होता.

टीमचा पासवर्ड योग्याबरोबरच गेला. लीगमधल्या कुणालाही ती नुसती बघता यायची, पण बदलता यायची फक्त त्याच्या फोनातून, आणि फोन घराबाहेर द्यायला त्याची माय बायनाबाई तयार नव्हती. मग काय, दर शनिवारी आदिनाथ एसटीनं पालमला. योग्याच्या फोटोजवळचा फोन घ्यायचा, बोटानं रेघ ओढून उघडायचा, टीम लावायची. बायनाबाई शेजारी बसून बघायची. घरात दुसरं माणूस नव्हतं. माणिकराव दिवाळीला एकदा येऊन गेले, ते गेलेच.

"ही लाल खूण कशाची रे?" ती विचारायची.

"लागलंय त्याला, मावशी. असल्याला घेतलं की बुडालोच."

"आन् आपला नंबर कुठवर आला?"

"लय वर आलाव! अजून थोडं."

मग ती त्याला जेवल्याशिवाय उठू द्यायची नाही.

पण टीम वर आली रे आली की कॅप्टन बदलायचा. आदिनाथनं मोबाईलच्या दुकानवाल्या धम्मदीपला सांगितलं. तो आधी खो खो हसला. "लेका, तुझंच बोट घसरलं असंल." मग त्यानं योग्याच्या घरी येऊन फोन तपासला. बाहेर आल्यावर हळूच म्हणाला, "बाहेरून कुणी हात लावलेला न्हाई गड्या. याच फोनातून झालंय. योग्याला जायचंच न्हाई बघ. कप आला की इच्छा पुरी, आन् इच्छा पुरी झाली की जावं लागतंय."

तेव्हापासून आदिनाथची झोप उडाली. त्या घरात टीम लावताना मानेशी कुणाचा तरी श्वास लागल्यासारखं व्हायचं. तो वळून बघायचा. फोटोतला योग्या हसतच असायचा. जिवाभावाचा दोस्त, पण त्याचीच भीती वाटायला लागली होती, आणि त्या भीतीची आदिनाथला शरम वाटायची. एकदा बायनाबाई पाण्याला गेलेली बघून तो फोटोपुढं रडला. "जा की रे बाबा. कामून अडकून बसलास?"

लीगचा शेवटचा रविवार आला. टीम पहिल्या नंबरावर होती. फक्त आजचा दिवस काढायचा होता. आदिनाथनं कॅप्टन दोनदा तपासला, फोन जागेवर ठेवला. "मावशी, आज कप आपल्या घरात! सुटला आपला योग्या."  बायनाबाई नुसती मान हलवून आत गेली.

स्टँडवर पोचल्यावर त्याला आठवलं, चार्जर तिथंच राहिला. तो माघारी फिरला. दार लोटलेलं होतं. आतल्या खोलीत अंधार, आणि त्या अंधारात योग्याचा फोन पेटलेला. आदिनाथनं दाराची चौकट धरली. 

मग उजेडात त्याला मनगट दिसलं. गोंदलेलं, सुरकुतलेलं. बायनाबाई फोन डोळ्यांशी धरून एकेका नावावर बोट फिरवत होती. लाल खूण सापडली तशी तिनं दाबली.

"मावशी, तुमी?"

ती दचकली. फोन पदराखाली घ्यायला लागली. आदिनाथनं तो हिसकावलाच. इतक्या महिन्यांची भीती एकदम रागावर आली. "मला वाटलं त्योच करायलाय! झोप न्हाई मला, अन्न गोड लागंना. आन् तुमी? त्याला मोकळं होऊ द्या की. सोताच्या लेकराला कामून अडवायलाव?"

टीम बदलायची मुदत संपायला थोडा वेळ होता. त्यानं कॅप्टनवर अंगठा नेला.

बायनाबाईनं त्याचा हात धरला नाही. भिंतीला टेकून खाली बसली.

"त्याला कोण अडवायलंय बाबा? त्यो त्याच दिशी गेला, माझ्या डोळ्यांदेखत कावळा शिवला." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पर कप जिंकल्यावर तू कशाला येशील रे माझ्याकडं?"