आवाजाचा कूलर

१४ मे २००३. सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी चंद्रपूरच्या घुटकाळा मोहल्ल्यातल्या गफ्फार टेलरच्या घरचा कॉम्प्युटर बंद पडला.

दहाला त्यानं तो रोजच्यासारखा सुरू केला होता. आज आतला पंखा फिरलाच नाही. वीस मिनिटांत पडदा काळा झाला.

समोरच्या खोलीत खाटेवर बसून त्याची बायको कनीज शर्टाला बटणं लावत होती. साखरेच्या आजारानं तिचे डोळे चार वर्षांपूर्वी गेले. हातातलं कसब राहिलं. नवरा रोज सकाळी बारा सुयांत दोरा ओवून ठेवायचा. ती बोटांनी चाचपून बटण लावायची आणि वर तीन गाठी मारायची. बाकीचे टेलर एकीवर भागवतात. गफ्फारकडचं बटण तुटत नाही, असं गिऱ्हाईक सांगत.

"आज आवाज नाई येऊन राह्यला," ती म्हणाली.

"पंखा बिघडला. दुकानात नेतो."

"जिशान उठला?"

"उठला. आत बसला आहे."

"माझ्याशी तं तो बोलतच नाई."

"रागात आहे. बोलन."

पोरानं नोकरीसाठी हैदराबादला जातो म्हटलं होतं. तिनं जाऊ दिलं नव्हतं. तेव्हापासून हा अबोला.

कनीजची एक चप्पल आतल्या खोलीच्या उंबऱ्याजवळ पडली होती. गफ्फारनं ती पायानं खाटेखाली सरकवली, कॉम्प्युटरचा डबा लुनाच्या मागं बांधला आणि निघाला.

अकरा वाजताच डांबर मऊ झालं होतं. जिशाननं कॉम्प्युटरचे सगळे सुटे भाग ज्या दुकानातून आणले होते ते वाटेतच होतं. तिथं तो थांबला नाही. दोन चौक पुढं एका नव्या दुकानात गेला.

दुकानदार सुनिल तिशीतला, बोलका माणूस.

"काय पाहिजे चाचा?"

"कूलर."

"खोलीचा खसवाला समोरच्या दुकानात भेटते," सुनिल हसला, मग त्याला डबा दिसला. "अच्छा, याच्यातला!"

डब्याची एक बाजू उघडीच होती. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात सगळेच ती काढून ठेवतात. सुनिलनं वीज जोडून पाहिली. पंखा गुरगुरला, हलला नाही. जळका वास आला.

"मोटर गेली. धागा गुंतला न आत. टेलर आहात काय?"

"हो."

"मंग धागा जाईनच. नवीनच लावा लागन." त्यानं पंख्यासकट जुना कूलर काढून बाजूला ठेवला आणि एक जाड, तांब्याच्या बुडाचा उचलला. "हा घ्या. महाग पडन, पण शेहेचाळीस डिग्रीत प्रोसेसर वाचन. न आवाज बिलकुल नाई."

"लावून दाखव."

पंखा फिरला. गफ्फारनं डोळे मिटून कान जवळ नेला.

"आयकूच नाई येत."

"तेच तं सांगून राह्यलो."

"आयकू आलं पाहिजे. भिंतीपलीकडून."

सुनिलनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "काऊन जी? सारी दुनिया बिनआवाजाचा मांगते."

"पोराची आई आंधळी आहे. पंखा वाजला का तिले समजते, पोरगा आत बसला आहे."

सुनिल पुन्हा हसला नाही. त्यानं खालच्या खोक्यातून दोन काढले. पहिला किरकिरला. गफ्फारनं मान हलवली. दुसरा घोंघावला, जुन्यासारखाच, एका सुरात.

"हा."

"चाचा, हा सगळ्यात हलका आहे. पोरगा गेम खेळते का?"

"नाई. काम काहीच नसते त्याच्यावर. चालू राह्यला पाहिजे, बस."

"मंग चालन." सुनिलनं तोच बसवला. पैसे घेताना त्यानंच वीस रुपये कमी केले. "पोराले म्हणा, हप्त्याले धूळ पुसत जा. न हा जुना घेऊन जा. लहान लेकरायले खेळाले होते."

गफ्फारनं जुना कूलर कुर्त्याच्या खिशात टाकला.

घरी पोचला तेव्हा दीड वाजला होता. शेजारच्या निशातनं दोन ताटं झाकून ठेवली होती. कनीजच्या मांडीवर तोच सकाळचा शर्ट होता. एकही बटण वाढलं नव्हतं.

"भेटला काय?"

"भेटला."

"तसाच वाजते का?"

"तसाच."

तिनं सुई शर्टात टोचून ठेवली. "त्याले सांगजा, मी नाई अडवत आता. जाऊ द्या त्याले."

"सांगतो."

"जेवण पण न्या त्याचं."

गफ्फार एक ताट घेऊन आत गेला. दार लावलं. कॉम्प्युटर सुरू केला. घोंघावणं भिंतीपलीकडं पोचलं असावं. खाट करकरली आणि थांबली.

खुर्चीत कोणी नव्हतं.

जिशान गफ्फार शेख, वय एकोणीस, २२ एप्रिलला घुग्घुस रस्त्यावर ट्रकखाली सापडला. त्या दिवशी कनीज नागपूरच्या दवाखान्यात होती. तिचं हृदय धक्का सोसणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. ती परतली तोवर मातीला सहा दिवस झाले होते. मोहल्ल्यात कोणी तिच्याजवळ शब्द काढला नाही.

गफ्फार खुर्चीत बसला आणि रोजच्यासारखं मुलाच्या ताटातलं जेवू लागला. खिशातलं काहीतरी मांडीला टोचलं. त्यानं जुना कूलर बाहेर काढला, खिडकीच्या उजेडात धरला आणि काळा दोरा नखानं सोडवायला लागला.

दोरा गुंतलेला नव्हता. एका पात्याला वेढा देऊन तो चौकटीशी ताणून बांधला होता. वर तीन गाठी होत्या.