तिसरा फटका

पहिला.

खांद्यावर. ठरल्याप्रमाणे.

कुदळीचा दांडा बसला आणि आमदार ओंड्रेय ह्लावाती गुडघ्यांवर आला. रविवारची प्रार्थना आटोपून चर्चच्या पायऱ्या उतरणारी माणसं जागच्या जागी थिजली. मारणाऱ्याच्या अंगात पोलाद कंपनीच्या पोलिसाचा निळा कोट होता आणि तोंडावर रुमाल. रुमालाआड होता श्तेफान बिएलिक. भट्टीवरचा कामगार, सध्या संपावर. ह्लावातीचा लहानपणापासूनचा दोस्त.

बेत ह्लावातीचाच. बिएलिकच्या स्वयंपाकघरात पिरोहींवर ताव मारता मारता त्याने तो सांगितला होता.

"येत्या मंगळवारी हॅरिसबर्गला विधानसभेत मतदान आहे, श्तेफो. कंपनीला स्वतःचे पोलीस ठेवायला बंदी. डोक्याला पट्टी बांधून उभा राहिलो, तर कुंपणावरचे चारपाच जण लाजेकाजेने तरी हात वर करतील."

"आणि तुझा हात?"

"म्हणजे?"

"मागच्या खेपेला तुझ्या पोटात दुखत होतं. नेमकं मतदानाच्या वेळी."

ह्लावाती हसला. वस्तीत त्याचं नावच 'पोटदुख्या' पडलं होतं, आणि ते त्याला ठाऊक होतं. खरा आमदार त्याची बायको, असंही लोक म्हणत. वेरोना रोज मिलच्या फाटकावर उभी राहून कंपनीच्या घोडेस्वारांना नावानिशी शिव्या घालायची.

"निवडणूक जवळ आली म्हणून मार खायचाय तुला," बिएलिक म्हणाला.

"तसं समज. पण मारायचं तूच. दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही."

बिएलिकने खिडकीबाहेर पाहिलं. अंगणात त्याचा थोरला लाकडं फोडत होता. कुऱ्हाड उचलण्याआधी मान वाकडी करून अंदाज घेत होता. त्याचा एक डोळा घोडेस्वाराच्या सोट्याने गेला होता.

"कुठे कुठे मारू, ते सांग," बिएलिक म्हणाला.

दुसरा.

बरगडीत. हा त्याने जरा सांभाळून घातला.

"जोरात, गाढवा," ह्लावाती पायऱ्यांवर तोंड दाबून पुटपुटला. "लोक बघतायत."

लोक बघत होतेच. कुणीही पुढे येत नव्हतं. मागून एकजण म्हणालासुद्धा, "पोटदुख्याला आता पाठदुखी!" आणि दोघंतिघं फिस्सकन हसले. बिएलिकच्या मनात आलं, ज्याच्यासाठी कुणी धावत नाही, त्याला मारून उपयोग काय?

डोक्यावरच्या फटक्याला तो त्या दिवशी नाहीच म्हणाला होता. ह्लावातीने त्याचं मनगट धरलं होतं. "टोपीत पत्रा बसवतो. तू घण घातलास तरी नुसता वाजेल. पण हात आखडू नकोस. रक्ताशिवाय बातमी होत नाही. कातडी फाटली पाहिजे."

तिसरा.

वाजला नाही.

बिएलिकच्या तळहाताला ते आधी कळलं. दांडा आत गेला. टोपी खाली दबली आणि ह्लावाती आवाज न करता कुशीवर कलंडला. कानातून रक्त आलं. मग नाकातून. वेरोना गर्दी फोडत आली आणि तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पायऱ्यांवरचं हसू थांबलं.

बिएलिक पळाला. चर्चमागच्या राखेच्या उतारावरून घसरत नदीकाठी पोचला. कोट, रुमाल, दांडा, सगळं पाण्यात टाकलं आणि वळसा घालून परत वर आला.

तोवर वस्ती पेटली होती. ज्या माणसाला जिवंतपणी कुणी नमस्कार करत नव्हतं, त्याच्या नावाने हजार गळे ओरडत होते. फाटकावर दोन घोडेस्वार खाली ओढले गेले. एकाचा घोडा पळून गेला. दुसऱ्याचा तिथेच कोसळला, आणि त्याच्या पोटाखाली अडकलेल्या स्वाराला लोक विटांनी ठेचू लागले. विशीतलं पोर होतं. "मी नव्हतो, मी नव्हतो," एवढंच म्हणत होतं.

"घे, बिएलिक!" कुणीतरी त्याच्या हातात वीट कोंबली. "तुझा दोस्त होता ना?"

त्याने मारली. न मारता उभं राहणं शक्य नव्हतं.

पत्रा?

दफनाच्या वेळी बिएलिकच्या डोक्यात तेवढंच होतं. विसरला असेल. टोपी नीट बसत नाही म्हणून काढून टाकला असेल. नखरेल तर होताच.

विधानसभेने शोक पाळला, मतदान पुढे ढकललं. दफनाच्या संध्याकाळीच पक्षाचा डॉयल वेरोनाकडे आला. सिगार विझवून दारात उभा राहिला. सदस्य मुदतीत गेला की जागा त्याच्या बायकोला द्यायची, समोर कुणी उभं राहायचं नाही, ही तिथली जुनी रीत. त्यात नवीन काही नव्हतं. त्या बायका मुकाट्याने बसत, पक्ष म्हणेल तेव्हा हात वर करत.

वेरोना मुकाट्याने बसली नाही. कायद्यावर बोलायला उठली आणि फाटकावर ज्या आवाजात बोलायची, त्याच आवाजात बोलली. कुंपणावरचे सगळे इकडे आले. कायदा झाला.

ती परतली त्या दिवशी बिएलिक तिच्या घरी गेला. सगळं सांगून टाकायचं, मग तिने काय करायचं ते करावं, असं ठरवून. बाहेर वस्ती नाचत होती. आत वेरोना काळा पोशाख न बदलताच चुलीपाशी बसली होती.

"बसा, भावोजी."

तो बसला. बोलायचं म्हणून म्हणाला, "पोशाख बरा मिळाला, वहिनी. एवढ्या घाईत."

"घाईत कुठला?" ती म्हणाली. "ओंड्रेयनेच आणलाय. जायच्या महिनाभर आधी. मी चांगली भांडले, म्हटलं, काळा कशाला आणलास, कोण मेलंय? तर म्हणाला, राहू दे, हॅरिसबर्गला लागेल तुला."